चुन्याची डबी

निपाणीत, वखारीच्या मागच्या गल्लीत
आक्काताई आत्ती उंबऱ्यात पाय पसरून बसलेली.
"बेळगावात पोरांस्नी काय शिकवतोस म्हणं तू?"

मी तिच्या चंचीतली डबी उघडली.
हा चुना. ह्याच्यातलंच कॅल्शियम, आत्ती,
पेशीच्या वेशीबाहेर दहा हजार कण, तर आत जेमतेम एक.
चुकून शिरलाच, तर धरून परत बाहेर,
रात्रंदिवस, पदरचं खर्चून.
"कोगनोळीच्या नाक्यावर काढत्यात तसं?"
तसंच.
पण हाक आली की दार उघडतं, पापणी लवेपर्यंतच,
आणि तेवढ्यात लोंढा आत.

आत एक चार हातांचा ताटकळत असतो.
चारी मुठी भरल्या की वाकतो,
निजलेल्या एकीला मिठी घालून उठवतो.
अशा बारा जणी, सहा-सहांची दोन रिंगणं.
उठलेली शेजारणीला बोट लावते, नुसतं एक बोट,
कुंकवाचं लावावं तसं.
मग चुना निघून जातो. दार बंद.
बोट लागलेल्या मात्र जाग्याच राहतात.
हाक कुणाची होती, ते विचारायला
तिथं कुणी उरलेलं नसतं.

आत्ती कितीतरी वेळ गप्प.
"बारा न्हाई. आमी चौदाजणी हुतो.
उजव्या अंगाला निंगव्वा.
ती म्हणायची सुण्ण कोडव्वा,
मी म्हणायची चुना घे की गं.
डबी एकच."

विडीच्या कारखान्याला कुलूप लागून अकरा वर्षं झाली.
निंगव्वा लेकीकडं चिक्कोडीला गेली,
तिकडंच गेली.

रात्री दिवा घालवायला उठलो तर
आत्ती गाढ झोपलेली.
मांडीवर सूप नाही, पान नाही, जर्दा नाही,
आणि बोटं वळतायत,
टोक मुडपतायत, दोरा गुंडाळतायत,
एक, अजून एक.
मधेच हात उजवीकडं सरकला,
मूठ उघडून थांबला
कुणी काही मागितल्यागत.

उद्याच्या तासाची आकृती काढायला बसलो.
बारा गोल काढायचे असतात.
चौदा काढले.
दोन पुसायला खोडरबर घेतलं,
मग ते डबीवर ठेवून दिलं.