पाटाच्या कडेनं

तारीख सत्तावीस, वार रविवार.
पाकिटात शंभराची एक नोट, तीही दुधवाल्याची.

"कुठं जायचंय?" स्वरांगी, मोबाइलमधून वर न बघता.
पाटाच्या कडेनं.
"तिथं काय आहे?"
पाट.
"मग?"
मग परत.

ओजसनं सोफ्याचा पाय घट्ट धरला.
पोट दुखतं म्हणाला. मग गुडघा. मग
काल संपलेला अभ्यास आज पुन्हा उरला.
वृषाली म्हणाली, "मॉल म्हणाला असतास
तर बूट घालून दारात उभे असते."
म्हणालो असतो. पण मॉलमध्ये
शिरायला पैसे लागत नाहीत,
बाहेर पडायला लागतात.

मखमलाबादच्या पुलाशी खाली उतरलो.
दहा वाजले तरी सावलीत नाक गार.
एका अंगाला द्राक्षबाग, पेपरात गुंडाळलेले घड,
एका घडावर गेल्या वर्षीचा बारावीचा निकाल.
दुसऱ्या अंगाला बिल्डिंगचा फलक : ताबा दिवाळीला.
कुठल्या दिवाळीला, ते पावसानं धुतलेलं.

पुढं आम्ही दोघं,
पंधरा पावलं मागं दोन कैदी.
"अजून किती?"
थोडंच.
"थोडं म्हणजे किती?"

मला काय माहीत.
माझ्या वडलांनी मला कधी फिरायला नेलं नाही,
न्यायचे ते पाणी धरायला, तेही रात्री,
कंदील माझ्या हातात, आणि बोलायचं नाही.
फिरायला कसं न्यायचं
हे मला कुणी दाखवलेलंच नाही.

आवर्तन सुटलेलं. पाट काठोकाठ.
निर्माल्य चाललेलं, एक नारळ, थर्माकोलचा तुकडा.
ओजसनं रागानं दगडाला लाथ मारली.
दगड जागेवर राहिला,
चप्पल पाण्यात.

निळी, पट्ट्यावर वाघाचं तोंड.
उताणी होऊन निघाली आरामात,
घरात तिला एकटीलाच
फिरायचं होतं जणू.

आणि स्वरांगी धावली.
जिचे पाय दुखत होते, ती.
मोबाइल आईच्या हातात कोंबून,
बाभळीची वाळकी फांदी ओढत,
"बाबा, पुढनं! मोरीच्या आधी!"
मी धावलो. ओजस लंगडी घालत.
वृषाली ओरडत होती, पाण्याजवळ जाऊ नका रे,
आणि सगळ्यांत पुढं तीच वाकलेली.
बागेतला एक म्हातारा विनाकारण
"धरा, धरा" करत आमच्याबरोबर पळाला.
फांदी टेकली. चप्पल गर्रकन फिरली,
काठाला लागते, लागते...
मोरीनं गिळली.

म्हातारा म्हणाला, "गेली," आणि
घरच्यासारखा हळहळला.

येताना ओजस पाठीवर.
हा इतका जड कधी झाला?
वृषालीनं हिशेब सांगितला :
चप्पल एकशे नव्वद. फुकटचं फिरणं.
मजा आली असं कुणी म्हटलं नाही.
मीही विचारलं नाही.

रात्री दिवा घालवल्यावर गादीवरून स्वरांगी :
"ती आता कुठं असेल?"
म्हसरूळ, म्हणालो. नाहीतर आडगाव.
"मग?"
मग एखाद्या चारीत शिरेल.
कुणी पाणी धरत असेल बॅटरी लावून,
त्याच्या फावड्याला लागेल वाघ.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मला वाटलं झोपले.
"आडगाव चालत किती?" ओजस.
थोडंच, म्हणालो.

अंधारातून वृषाली :
"दहा किलोमीटर आहे. खोटं सांगू नकोस त्याला."