शून्य दोन शून्य

आज अठ्ठावन्न पूर्ण.
दूधवाल्यानं दोन पिशव्या टाकल्या.
एकच लागते, हे तो विसरलाय;
वर्षभरात मी घरी होतेच किती.

बॅग अजून पलंगाखाली. उपडी केली तर पडलं :
भूजच्या स्टँडवरची एक खारी शेंग,
कुणाचं तरी बटण,
बिदरच्या डॉक्टरची चिठ्ठी.
बिदरचा किल्ला मी पाहिला नाही.
दोन दिवस पाहिला तो छताचा पंखा.
लॉजवाल्याची रेणुका दर तासाला ताक आणायची
आणि कानडीत रागवायची.
कळायचं सगळं.

शेवटी पडली किल्ली.
पितळी बिल्ला, खोली नंबर सात,
चंबा.

तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली, बाजीराव रोडला.
त्यातली पहिली आठ ट्रंक बोर्डावर,
कानाला हेडफोन, समोर भोकंच भोकं, हातात दोऱ्या.
कुणाचं चंबा कुणाच्या पुण्याला जोडायचं
आणि बाजूला व्हायचं.
ऐकायचं नाही, असा नियम.
मी पाळला. बहुतेक.

एकदा जोरहाटहून एक फौजी
तीन मिनिटं नुसता रडला,
आणि इकडे खडकीत बायको म्हणत राहिली,
गॅस संपलाय, अहो, गॅस संपलाय.
तीन मिनिटं झाली,
हे सांगायचं काम माझं होतं.

गावं मला ठाऊक होती ती अशी, आकड्यांनी.
भूज शून्य दोन आठ तीन दोन,
जोरहाट शून्य तीन सात सहा.
तिथे ऊन कुठल्या बाजूनं घरात येतं
याचा कोड नव्हता.

म्हणून निघाले.
लोकांना सांगितलं, गुडघे चालतायत तोवर.

जोरहाटला नदी एवढी रुंद
की पलीकडे काठ आहे हे बोटवाल्याच्या भरवशावर मानायचं.
एकानं आपली बकरी माझ्या हातात दिली
आणि खुशाल झोपला.
पाऊण तास मी बकरी धरून.
टपरीवर साठीतलं कुणी दिसलं
की आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर
मी बसत होते गेले चार दिवस,
आणि बोटीत, बकरीनं ओढणी चघळताना सुचलं :
अगं, तो तर खडकीचा.
म्हणजे इथे नाहीच. तिथेच असणार,
माझ्यापासून एका बसच्या अंतरावर
म्हातारा होत.

आल्यावर खडकीला गेले नाही.
का, ते मला विचारू नका.

पुण्याचा कोड आधी शून्य दोन एक दोन होता.
मग शून्य दोन शून्य झाला, तो सोपा.
पहाटे चारला स्टेशनबाहेर
रिक्षावाला न बघताच म्हणायचा,
सहकारनगर? नाही जायचं.
तेव्हा कळायचं, लाइन लागली.

सकाळीच चंब्याला फोन केला,
मधे कुठलीही बाई नसताना.
मेहरसिंग हसला. कुलूप त्याच आठवड्यात फोडलं म्हणे,
नवं बसवलं.
किल्ली राहू द्या तुमच्याकडे, दीदी.

साडेनऊला शेजारच्या उपळेकरबाई आल्या,
ताम्हनात निरांजन, सुपारी.
अंगठी काही बोटातून निघेना.
साबण झाला, तेल झालं.
"धातूचं काहीतरी द्या हो,
सोनंच हवं असं कुठे लिहिलंय?"
मग त्या किल्लीनंच ओवाळलं मला.
सात नंबर माझ्या तोंडाभोवती तीनदा फिरला,
पितळेवर ज्योत हलली,
आणि ती खोली आठवली, खाली रावीचा आवाज,
गादीला ओल्या लोकरीचा वास.

पेढा भरवून बाईंनी पंखा लावला
आणि सहज विचारलं,
पाहुण्यांना विचारतात तसं,
"आता किती दिवस आहात?"

म्हटलं, बघू.

माझ्या दाराची त्यांच्याकडची किल्ली
त्यांनी टेबलावर ठेवली.
जरा थांबल्या.
परत उचलली.
"असू दे माझ्याकडेच," म्हणाल्या,
"कुंडीतला गवती चहा कोण बघणार."