ळ, मुक्काम पिट्सबर्ग

या शहरात जिनेच रस्ते असतात.
कोपऱ्यावर पाटी, नकाशात नाव,
आणि वर पोचल्यावर गुडघ्यांची कुरकुर.
पूल चारशेच्या वर. त्यांतले निम्मे
रात्री कंटाळून जागा बदलतात,
म्हणून कामावर उशीर झाला
तर "पूल हलला" एवढंच सांगायचं.
साहेब मान डोलावतो.

आणि कविता करायची तर परवाना लागतो.
नगरभवन, तळमजला, खिडकी नऊ.
खिडकीत क्लेटस मॅक्गार्वी,
मिशा सूपमध्ये बुडवून वाळवलेल्या.
त्यानं माझा अर्ज डोळ्यांपासून लांब धरला,
"मिस पिं... पिंप..."
अडला. खाकरला. कॉफीचा घोट घेतला.
जिभेनं एक कोलांटी मारून पाहिली
आणि ळ निसटला!
नावातून टपकन काउंटरवर,
काउंटरवरून फरशीवर,
दारातून बाहेर, जिन्याच्या रस्त्यानं,
स्वार नसलेल्या सायकलीसारखा
धडधडत एकशे अडुसष्ट पायऱ्या
सरळ नदीकडे.

"मिस पिंपखरे," म्हणत क्लेटसनं
समाधानानं शिक्का मारला.

त्या दिवसापासून ते अक्षर माझ्याकडे नाही.
वरणात हद टाकते, ते पिवं होत नाही.
खिडकीवर कावा येऊन बसतो,
त्याच्या मनात काहीतरी आहे नक्की.
वर पाहावं तर आभा.
शुक्रवारी मोठा वाद येणार म्हणाले,
आला, दोन छपरं उडवली,
कुणाचंच न ऐकता निघून गेला.
रविवारी बारा वाजेपर्यंत
अंथरुणात आस करत पडून राहिले.
आईला फोनवर म्हटलं, काजी करू नकोस.
ती म्हणाली, कोण काजी? कधी भेटला?
आम्हाला सांगायची पद्धत नाही का?

कवितेचं तर विचारूच नका.
एक ओ लिहिली. मग दुसरी ओ.
अशा चौदा ओंची कविता
ब्लूमफील्डच्या लाँड्रीत, मंगवारच्या बैठकीत वाचली,
तर लोक उठून
माझ्या प्रत्येक ओला ओ देऊ लागले.
तीन नंबरच्या ड्रायरनंसुद्धा दिली.
एवढ्या टाया मला आयुष्यात पडल्या नव्हत्या.

तरी शोधत राहिले.
पुलांना विचारलं. ते म्हणाले,
आम्ही इथे कालच आलो.
हरवलं-सापडलं खात्यात
चार वेलांट्या निघाल्या, एक म्हातारा अर्धचंद्र,
आणि कुणाची तरी कवठी. माझं काही नाही.

मग बर्फ पडलं.
घरमालकीण डोलोरेस व्रोना हिनं
गाडीपुरती जागा फावड्यानं साफ करून
त्या जागेवर आपली खुर्ची मांडली.
अशी खुर्ची इथे कुणी हलवत नाही,
महापौरसुद्धा वळसा घालून जातो.
त्या खुर्चीवर, बर्फाची टोपी घालून,
दोन्ही पोटं पुढे काढून बसला होता
ळ.

"नातवाच्या गळाला लागला," डोलोरेस म्हणाली.
"मला वाटलं माझीच पिअरोगी, बटाट्याची करंजी.
कढईत सोडणार तोच बोलला.
काय बोलला ते कळलं नाही,
पण माझ्या आजीसारखं बोलला."

खिशात घालून घरी आणला.
हळद पिवळी झाली.
कावळा निव्वळ कावळा झाला, मला जरा वाईट वाटलं.
आळस पाय पसरून गादीवर परतला
आणि आस? आस कुठे गेली?
उशीखाली पाहिलं. पलंगाखाली पाहिलं.
खिडकीबाहेर आभाळ होतं, फेब्रुवारीचं,
भांडी घासलेल्या पाण्याच्या रंगाचं.

शेवटी करार केला:
दर गुरुवारी ळ शहराला उसना.
त्या दिवशी बस ड्रायव्हर "हॅळो" म्हणतो,
नदीचं नाव ॲळेघेनी होतं,
आणि मी जो पूल समोर येईल त्यावर जाऊन
एक ओ खाली सोडते.
कधी नदी ओ देते. कधी तिला काम असतं.

परवा परवान्याच्या नूतनीकरणाला गेले.
क्लेटसनं मिशा पुसल्या, छाती भरून घेतली,
"मिस पिंपळळळखरे!"
आणि जादा दोन अक्षरांचे
सव्वा डॉलर लावले.