सरासरी साडेपाच

शुक्रवारी रात्री, सोहारला, फलज अल कबाईलच्या एका गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावर, गळक्या एसीखाली बादली ठेवून
आम्ही चौघं पट मांडतो.
खेळून झालं की वही निघते.
दुरेघी, वैजयंतीबाईंनी शाळेच्या कपाटातून आणलेली.
खेळाचं नाव, तारीख, दहापैकी गुण,
आणि शेवटचा रकाना लाल शाईत:
पुन्हा खेळावासा वाटेल का?

तुस्कानो प्रत्येक खेळाला सहा देतो.
इस्पितळात रक्त तपासतो तो,
म्हणतो, सहा म्हणजे नॉर्मल.
बाईंना फासा खपत नाही.
"फाशावर जिंकायचं, तर डोकं चपलांपाशी काढून यावं."
मुबीन परकारला फासाच हवा.
दिवसभर बंदरात क्रेनवर बसून
इंचाइंचाच्या हिशेबानं कंटेनर ठेवतो,
"रात्री तरी," म्हणतो, "काहीतरी माझ्या हातात नको."
माझं मत, कोण जिंकलं ते बघून ठरतं.
(हे वहीत नाही.)

मार्चमध्ये मस्कतहून मी एक खेळ आणला. एकवीस रियाल.
पटावर चार बेटं, खोक्यात बारा बंद पाकिटं,
एका डावाला एक.
आत हुकूम असायचा: हे बेटावर चिकटवा,
या खाडीला पेननं नाव द्या,
हे पान फाडा.
बारा डाव झाले की खेळ संपला, कायमचा.

भांडण पहिल्याच पाकिटाशी झालं.
"फाडायचं?" परकार उभाच राहिला.
"आमच्या घरी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवरसुद्धा
वर्षभर दुधाचा हिशेब लिहितात!"
बाई म्हणाल्या, मजाच ती आहे,
परत मिळणार नाही, म्हणून माणूस जपून चाल करतो.
तुस्कानो म्हणाला, वसईला आमच्या वाडीत
विटेच्या तुकड्यानं आखलेला पट
संध्याकाळी बकऱ्यांच्या पायांनी पुसला जायचा,
सकाळी पुन्हा आखायचो.
त्याला कुणी गुण दिले नाहीत.
"मग दे की आता," बाई म्हणाल्या.
त्यानं विचार केला.
"सहा."

पान शेवटी परकारनंच फाडलं.
टेबलाखाली. टर्रकन आवाज आला.
पुढेही तेच काम त्याच्याकडे राहिलं,
मागून घेतलेलं.

बारा शुक्रवार.
ऊन चढत गेलं, बादली एका डावात दोनदा भरू लागली.
शेवटच्या रात्री वहीत:
बाई, नऊ. तुस्कानो, सहा. परकार, दोन.
मी, सगळ्यांची तोंडं बघून, पाच.
सरासरी साडेपाच,
जे आमच्यापैकी कुणीच दिले नव्हते.
लाल रकान्यात परकारनं लिहिलं: कसा?

जूनमध्ये त्याचं कंत्राट संपलं.
आठवड्यानं हर्णैहून एक फोटो आला,
ओट्यावर, सुकत घातलेल्या बोंबलांच्या अलीकडे,
ओळीनं मांडलेली बाराच्या बारा पानं.
अखंड. कोपरे तेवढे खिशात राहून मऊ झालेले.
"फाडली ती खुबूसवाल्याची बिलं.
पट तुमच्याकडे आहे ना अजून?"

बाई संतापल्या.
"म्हणजे मी गेलं गेलं समजून खेळत होते,
आणि याच्या खिशात सगळं शाबूत!"
मी म्हटलं, तरी चाली तर खऱ्याच होत्या.
"तुम्ही गप्प बसा, पाचवाले."
तुस्कानो फोटो मोठा करून बघत राहिला,
मग म्हणाला, पाचव्या पानावर डाग आहे चहाचा,
म्हणजे मधूनमधून काढून बघत होता.
दोन देणारा माणूस.

बाईंनी वही ओढली. नऊवर रेघ मारली.
पुढे काय लिहावं, ते मात्र सुचेना,
पेन तसंच टेकवलेलं, शाईचा ठिपका वाढत चाललेला.
सरासरी आता निघत नाही.
तुस्कानो बादली ओतायला उठला,
आणि जाता जाता, कुणाला न विचारता,
कपाटावरचा पट खाली घेऊन आला.