फेटलिंग शॉप, दुसरी पाळी

दस्तगीरमामांनी पहिल्या दिवशी ग्राइंडर दिला नाही.
नुसती नळी दिली हातात.
म्हणाले, हिला आधी वळख.

शिरोलीच्या आमच्या शेडात
कास्टिंगला चिकटलेली वाळू, वाढलेली कड
सगळं हवेच्या जोरावर निघतं.
हवा दिसत नाही,
म्हणून पोरं तिला हलकी धरतात.

जोडाला पिन लाव. पिन नसली तर तार गुंडाळू नको,
स्टोअरला जा, भांडून आण.
नळी सोडायच्या आधी व्हॉल्व्ह बंद,
मग खटका दाबून उरलीसुरली जाऊ दे,
म्हशीनं दावणीला सुस्कारा टाकावा तशी.

चहाच्या सुट्टीत शर्टावरची धूळ
मी एअरगननं उडवायला गेलो
तर मनगट धरलं त्यांनी.
ओरडले नाहीत. ओरडून इथं कुणाला ऐकू येतंय?
कोपऱ्यातला झाडू दाखवला,
मग कानाशी येऊन:
कातडीतनं आत शिरती ती, अवधूत.
भाईरची वाट तिला ठावं न्हाई.

रात्री साडेअकराला गेटवर
मामांनी गाडीची किल्ली माझ्यापुढं केली.
लाव जरा, भोक गावंना.
दोन बोटं मेणासारखी पांढरी,
थंडीत अशीच होतात म्हणे,
बावीस वर्षं चिपिंगचा हातोडा धरलेली.

पंचगंगेच्या पुलावर मागून काहीतरी बोलले.
मला कळेना. गाडी बाजूला घेतली.
कानातले बोळे तसेच राहिलेले.

काय न्हाई, म्हणाले,
ते घरी धुऊन आण म्हणत हुतो.