एक-सहाच्या तीन बांगड्या

अप्पांची लेन्स मिटते.
छत्रीसारखी नाही,
गोगलगाय शिंग आत घेते तशी.
थोडी फिरवून सोडवा, तळव्यानं दाबा,
पितळी नळी गप्पकन कॅमेऱ्याच्या पोटात.
फोटो झाला की अप्पा लगेच दाबायचे.
लग्नात, पंचनाम्यात, दहावीच्या ग्रुपफोटोत
तळव्याचा तो एक धक्का
म्हणजे झालं, आता हला.

त्यांच्या कॅमेऱ्याच्या पोटात जागा होती.
माझा डिजिटल. सेकंडहँड, तरी सात हप्ते बाकी.
त्याच्या पोटात पडदा आहे
आणि पडद्यामागे पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी
एक काच,
जिची किंमत मी घरी सांगितलेली नाही.

स्टेशन रोडच्या हकीमुद्दीन घड्याळजींनी
व्हर्नियर लावला तो फक्त लेन्सला.
कॅमेऱ्यात काही घालू दिलं नाही,
कागदाची सुरळीसुद्धा.
"अठरा मिलिमीटर मागं निघते, बाई.
अंदर पडदा कितने पे है, मालूम नाही.
मालूम नाही तो दबाना नाही.
'बनी तो बनी, नहीं तो परभणी'
हे घड्याळाला चालतं. याला नाही."

मग डोळ्यावरचं भिंग न काढताच सांगत राहिले :
आधी नळी बाहेर ओढ. फिरव. अडकली का बघ,
हलवून बघ.
मगच कॅमेऱ्यावर चढव.
उतरवताना आधी उतरव,
मिटायची ती हातात आल्यावर.
"उलटं कधीच नाही. झोपेत पण नाही."

मी मान डोलावली.
मान ऐकते हो,
तळवा कुठं ऐकतो?
तो लहानपणापासून अप्पांकडे बघत बसलेला.

चिकटपट्टी गुंडाळावी म्हटलं
तर परभणीच्या एप्रिलात डिंक पाघळतो
आणि नळीवर उतरतो.
म्हणून गेले कलावती कासारणीकडे.
"केवढी पोर हाय?"
मी पिशवीतून लेन्स काढून तिच्या पुढ्यात ठेवली.
तिनं नळी मनगटासारखी दाबून बघितली,
म्हणाली, हाडं लई कडक हायती हिची,
आणि रबराच्या काळ्या तीन
एक-सहा मापाच्या, एकीला एक लागून,
न बोलता भरल्या.
पैसे घेताना मात्र थांबली.
"रडली न्हाई," म्हणाली.

संदिपान हसून हसून खाली बसला.
"लेन्सला बांगड्या भरल्या! हिंमत नाही का तिच्यात?"
नाही. नाहीच हिंमत.
सात हप्ते बाकी असताना
माझ्यात तरी कुठली?

सोमवारी मानवत रोडच्या जिनिंगमध्ये गेले.
कापसाचा भुगा भुवयांवर बसलेल्या बाया,
आणि गयाबाई, त्यांच्या टोळीची मुकादम,
तंबाखू मळता मळता मध्येच थांबलेली.
खिडकीत तिची दोन नाकं दिसत होती,
एक पुसट, पिवळसर.
रिंग फिरवत आणली.
दोन्ही नाकं एका नाकात बसली.
दाबलं.

आणि हात गेला.
मी नेला नाही, तो गेला.
तळवा लेन्सवर, तोच धक्का,
तीच ती घाई
म्हणजे झालं, आता हला.

अडकली कशी नव्हती ती?
सकाळी खट्ट ऐकलं होतं मी,
की सायकलच्या कॅरियरचं ऐकलं?

नळी सरकली. थोडीशी.
मग रबरावर रबर, रबरावर पितळ,
आणि माझा तळवा
कुणीतरी मनगट धरावं तसा तिथंच.

कोणी काही बोललं नाही. पट्टा चालू होता.
मी नळी ओढली, फिरवली, हलवून बघितली.
पुन्हा हलवून बघितली.

गयाबाई बघत होती.
"बांगड्या भरल्यात व्हय तिला?"
तंबाखू ओठामागं सरकवत ती म्हणाली.
"मशनीपाशी काढून ठेवतो आम्ही.
पट्ट्यात गुततेत."
तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मोकळे.

"हिच्या राहू दे," म्हणाली,
"आणि आता परत काढ.
मघाशी मी नीट नव्हते."