डावीकडून

दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नसतो
हे मला कुणी शिकवलं नाही.
पोटरीवर लिहिलेलं आहे,
चिंचोक्याएवढं, अजून गुळगुळीत.
तिथे केस उगवत नाहीत.

घणसोली गावात, तळ्याच्या अंगाला
पदाजी म्हात्र्यांची चाळ. आम्ही चौथ्या खोलीत.
वडील मार्केटात कांद्याच्या गोणी वाहायचे.
दर दहा तारखेला आई भाड्याची घडी
माझ्या मुठीत कोंबायची
आणि सांगायची, ओट्यावर चढू नकोस, खालूनच हाक मार.
ओट्याखाली उभी असायची
साडेबारा टक्क्यांच्या पैशातली काळी यामाहा.
टाकीवर एकवीरा आई, हँडलला सुकलेलं लिंबू,
सीटवर टॉवेल,
धुळीसाठी नव्हे, जागा धरल्यासारखा.

चाळीतल्या पोरांनी आपसात ठरवलेलं:
बघायला हरकत नाही.
आरशात तोंड बघावं, पण आरसा हलवू नये,
तो पदाजींच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला.
हॉर्न वाजवणाऱ्याचा खेळ आठवडाभर बंद.
बसण्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं,
ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझ्या आलं.
पदाजी नुकतेच उरणहून आलेले, आत ताटावर बसलेले,
बाहेर इंजिन टिकटिक करत निवत होतं.
टॉवेल न सरकवता चढलो.
चुकीच्या बाजूने.

ओरडलो नाही. भाडं मुठीत तसंच.
काय झालं ते आधी नाकाला कळलं.

ते खरकट्या हातानेच बाहेर आले.
मी डोळे मिटून गाल पुढे केला.
त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला,
बोटांना सुकटीचा वास,
आणि म्हणाले,
"बाला, इचारला असतास त सांगला असता.
उजवे बाजूशी चरू नुको. नली तापलेली हाय."
मग कोरफड. मग नोटा मोजणं, दोनदा.
मग, जा घरी.

बसू दिलं नाही, हेही सांगायला हवं.
त्या दिवशी नाही, आणि नंतरच्या सहा वर्षांतही नाही.

परवा ऐरोलीत, रात्री पावणेदहाला,
भुर्जीच्या गाडीसमोर माझी मोटारसायकल,
तिच्यावर आडवा बसून एक पोरगा
डबा खात होता.
पाठीवरची पार्सलची पिशवी माझ्या टाकीवर.
शेजारी त्याची स्कूटर, सीट फाटून स्पंज बाहेर.
हातातली चावी मी खिशात टाकली.
रागही आला होता. खोटं कशाला सांगू.
"तुमचीय का काका?"
तो उठलाच, बाहीने सीट पुसायला लागला.
"नाही," मी म्हणालो.
"मग टेका की. हिचा मालक आत आयटीत असणार,
अकराच्या आधी सोडत नाहीत त्यांना."
आणि सरकून त्याने मला जागा केली.

मी डावीकडून आलो. विचारलं, "बसू ना?"
बसलो, अर्ध्या मांडीवर,
दोन्ही तळवे जमिनीला टेकवून,
गेटाकडे बघत, कुणी येतंय का.
त्याने चपातीची अर्धी घडी पुढे केली,
बटाट्याच्या काचऱ्या, किंचित करपलेल्या.
"चांगली ठेवलीय गाडी," तो म्हणाला.
"हो," म्हणालो, "ठेवलेली दिसते."

त्याची स्कूटर वळणाआड जाईपर्यंत
मी चावीला हात लावला नाही.

निघाल्यावर लक्षात आलं, आरसा फिरलाय.
भांग बघितला असणार त्याने.
रबाळ्याच्या सिग्नलपर्यंत
मागचा रस्ता दिसत नव्हता मला,
नुसतं माझ्या शर्टाचं वरचं बटण,
आणि मागून कुणीतरी हॉर्नवर हॉर्न देत होतं.